ऐकू येते, पण पोहोचते का?
(नौकामालक व तांडेल यांच्यासमोर केलेले भाषण)



१ जून ते ३१ जुलै हा गोव्यात यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ. ह्या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, इंजिने उघडली जातात, नौकेच्या तळाला रंग चढतो. बिनतारी संच मात्र बहुधा होता तसाच राहतो. बटण फिरविताच त्यातून आवाज येतो आणि आवाज आला म्हणजे संच उत्तम, अशी आपली सार्वत्रिक समजूत आहे. माझे आजचे सांगणे ह्या समजुतीविरुद्ध आहे.

संच दोन कामे करतो, ग्रहण आणि प्रक्षेपण. दुसऱ्याचा आवाज ग्रहण करण्यास विजेचा अत्यल्प अंश पुरतो. तो गंजलेल्या जोडातूनही आत येतो. प्रक्षेपणाचे तसे नाही. पूर्ण शक्तीवर २५ वॅट बाहेर पडावे लागतात व त्या वेळी बॅटरीतून पाच-सहा अँपिअर प्रवाह ओढला जातो. तार बारीक असली वा जोडात खारे पाणी शिरले असले, तर तुम्ही सर्वांचे ऐकता, तुमचे मात्र कोणी ऐकत नाही. हे ध्यानात येते ते मदत मागण्याच्या घटकेला.

मी कलाशाखेचा पदवीधर. पण ह्या विषयातले एक गणित मलाही उमगले. ह्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. दोन नौकांची एरियले पाण्यापासून प्रत्येकी ४ मीटर उंच असली, तर संभाषणाचा पल्ला सुमारे १६ किलोमीटर. तीच ९ मीटरवर नेली की सुमारे २५. किनाऱ्यावरील केंद्राचे एरियल १०० मीटर उंचीवर असेल, तर ४ मीटरवाल्या नौकेलाही सुमारे ४९ किलोमीटरवरून त्याच्याशी बोलता येते. शक्ती वाढवून जे साधत नाही ते उंचीने साधते. तेव्हा एरियल डोलकाठीच्या टोकाला, इतर लोखंडी वस्तूंपासून दूर बसवावे. मात्र केबल बारीक घेऊ नये. दहा मीटर बारीक केबलीत सुमारे एक तृतीयांश शक्ती वाटेतच जिरते. संचाचा कर्णा होकायंत्राजवळ ठेवू नये, त्यातल्या चुंबकाने सुई ढळते. फ्यूज बॅटरीच्या शेजारीच असावा.

आता चाचणी. एरियल जोडल्याविना बोलण्याचे बटण कधीही दाबू नये. प्रक्षेपकाचा शेवटचा भाग जळू शकतो. इंजिन बंद ठेवून बटण दाबावे आणि संचाच्या टोकाशी व्होल्टेज पाहावे. ते ११ व्होल्टच्या खाली उतरले, तर बॅटरी क्षीण आहे किंवा तार बारीक. नंतर एरियल व संच यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावावा. आकडा दीडपर्यंत असला तर निश्चिंत राहावे. तीनच्या वर गेला तर दुरुस्तीपर्यंत संच वापरू नये.

शेवटी आवाजाची चाचणी. शेजारच्या नौकेने ऐकले, ह्यास अर्थ नाही. धक्क्यावर एक वॅटही पुरतो. दूरच्या ओळखीच्या नौकेला कामकाजाच्या चॅनेलवर हाक देऊन आवाज कसा येतो ते विचारावे. १६ क्रमांकाचे चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकट व प्राथमिक हाक यांसाठी आहे. तेथे चाचणीच्या गप्पा नकोत. ‘मेडे’ हा शब्द तर थट्टेतही उच्चारू नये.

किनाऱ्यापासून फार दूर जाणाऱ्यांना ह्या संचाचा आधार अपुराच. २०१७ सालच्या ओखी वादळात दक्षिणेकडील अनेक नौका इशारा निघण्यापूर्वीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. अशांसाठी इस्रोने उपग्रहामार्फत संकटसूचना पाठविणारा प्रक्षेपक तयार केला असून, त्याच्या जानेवारी २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या दुसऱ्या पिढीत सूचना पोहोचल्याची पोचही नौकेला मिळते. साध्या बिनतारी संचाला अशी पोच देता येत नाही. ती आपणच चाचणीने मिळवायची असते.

चाचणीचे आकडे व तारीख सुकाणूखोलीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवावी. पुढील जुलैत एसडब्ल्यूआरचा आकडा वाढलेला दिसला, तर संच कारागिराकडे नेण्यापूर्वी एरियलच्या बुडाचा जोड उघडून पाहावा. बहुतेक वेळा तेथेच हिरवा गंज सापडतो.