द्राक्षं सांगलीची, ग्लासात मात्र ऊस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा एसटीत इयरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

विषय आहे दारू. दचकू नका! आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट आहे 21 आणि कडक दारूसाठी 25. शिवाय परवाना लागतो, तो वेगळाच. वय कमी असेल तर आजचा भाग शेती आणि केमिस्ट्री म्हणून ऐका. तसाही तो बराचसा तोच आहे.

तर पुण्या-मुंबईत कुणाला सांगितलं की मी सांगलीचा, की ठरलेला डायलॉग येतो. "अरे वा, द्राक्षं! म्हणजे तुमच्याकडं वाइन घरचीच असणार." मी हसतो. कारण सांगली-साताऱ्याकडच्या पोराच्या ग्लासात जे असतं, त्यात द्राक्षाचा थेंबही नसण्याची शक्यता जास्त. असं का? आज तेच बघू.

पहिलं म्हणजे, द्राक्ष आणि द्राक्ष यात फरक आहे. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात जे पिकतं ते मुख्यतः खायचं द्राक्ष. थॉमसन सीडलेस, सोनाका, माणिक चमन. तास-ए-गणेश तर तासगाव तालुक्यातच थॉमसनमधून निवडलेली जात. या द्राक्षाला बी नको, साल पातळ हवी, मणी लांब आणि टपोरा हवा. त्यासाठी शेतकरी जीएचे डोस देतो, विरळणी करतो, जीव ओततो.

वाइनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला घेतलं तर तुम्ही दुसऱ्या मण्याला हात लावणार नाही. पण रेड वाइनचा रंग सालीतून येतो, आणि जिभेवर जो तुरटपणा जाणवतो तो साल आणि बियांमधून. मणी बारीक असला की रसाच्या मानानं साल जास्त, म्हणजे रंग जास्त, चव जास्त. शिराझ, कॅबरने सोविन्यों ही नावं बाटलीवर वाचली असतील, ती या द्राक्षांच्या जाती आहेत.

मग थॉमसनची वाइन होतच नाही का? होते की. साखर आहे म्हणजे यीस्ट आपलं काम करणारच. रसात 22 ब्रिक्स साखर असेल तर साधारण 12 टक्के अल्कोहोल तयार होतं. पण चव? सपक. आंबटपणा कमी, सुगंध कमी. उसाच्या रसात लिंबू-आलं टाकायला विसरलेत असं वाटतं ना, तसं.

आता कुणी म्हणेल, मग लावा की वाइनच्या जाती! लावल्या होत्या. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. दोन वाइन पार्क ठरले, एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि दुसरा आपल्या पलूसला. बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा केल्या. नाशिकचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथं वाइन टुरिझम उभा राहिला, रीलवाल्यांची रांग लागली. पलूसचं तसं काही झालं नाही.

याचं कारण मला असं दिसतं. खायच्या द्राक्षाला तीन दारं आहेत. दर चांगला असेल तर एक्सपोर्ट. नाहीतर इथला व्यापारी. तोही फिरकला नाही, तर माल टाका बेदाणा शेडवर. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तो कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यात दर बघून काढता येतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

वाइनच्या द्राक्षाला दार एकच, वायनरी. तिनं माल घेतला नाही तर बाजारात कुणी विचारत नाही. 2008 नंतर मंदी आली, काही वायनऱ्या अडचणीत आल्या, आणि शेतकऱ्यांच्या हातात असा माल राहिला जो खाताही येत नाही आणि विकताही येत नाही. अनेकांनी त्या बागा काढून टाकल्या आणि परत खायच्या द्राक्षाकडं वळले. त्यामुळं "आपल्या लोकांना वाइनचं कळत नाही" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कर्ज काढून मांडव उभा करणाऱ्या माणसानं एकाच गिऱ्हाइकावर का अवलंबून राहावं? त्याला वाइन कळत नसेलही, पण हिशोब पक्का कळतो.

मग आपल्या भागातली दारू खरी कशाची? उसाची! कृष्णाकाठचा हा सगळा कारखान्यांचा पट्टा. साखर काढून झाली की उरते ती मळी. तिच्यात पाणी आणि यीस्ट घालून आंबवलं की बिअरपेक्षा थोडं कडक असं पाणी तयार होतं. ते डिस्टिलरीच्या उंच कॉलममधून गेलं की निघतं सुमारे 96 टक्क्यांचं स्पिरिट, ज्याला ना रंग ना वास. त्यात संत्र्याचा स्वाद घातला की देशी. आणि कॅरामल, थोडा माल्ट घालून बाटली रुबाबदार केली की बऱ्याचदा तीच "व्हिस्की". गंमत नाही, मळीच्या स्पिरिटला युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. तिथं व्हिस्की धान्याचीच लागते. रम मात्र प्रामाणिक, ती उघडपणे उसाचीच. बाकीचं इथेनॉल तुमच्या गाडीच्या टाकीत जातं.

आता येतो इनबॉक्सकडं. सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे असतात. "दादा, घरी वाइन करू का? यूट्यूबवर तर बरणी, साखर आणि यीस्ट एवढंच दाखवतात."

सरळ उत्तर, नको. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडं लागू आहे. विनापरवाना दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती विकायची असो नाहीतर घरात प्यायची. अमेरिकेतला माणूस गॅरेजमध्ये बिअर करतो ते त्याच्या कायद्यात बसतं म्हणून.

दुसरी गोष्ट जिवाची आहे, म्हणून नीट वाचा. लोक म्हणतात, "आंबवलं की विषारी होतं, डोळे जातात." तसं नाही. फळं आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते अगदी थोडं. माणसं मरतात ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळं. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती यानंच. मिथेनॉल वासानं किंवा चवीनं ओळखू येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं. त्रास लगेच होतोच असं नाही, कित्येक तासांनीही सुरू होतो. म्हणून गावात कुणी "स्वस्तातली" प्यायला असेल आणि दुसऱ्या दिवशी धुरकट दिसतंय, उलट्या होतायत, धाप लागतेय म्हणाला, तर "उतरेल, झोप" म्हणू नका. गाडी काढा आणि दवाखाना गाठा. काय प्यायलाय ते डॉक्टरला खरं सांगा. लाज नंतर वाटू दे. यावर उपचार आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

मग नाद असलेल्यानं करायचं काय? बरंच आहे. एक, यीस्टशी खेळायचं तर पाव करा. पावाचं आणि वाइनचं यीस्ट एकाच जातकुळीचं आहे. पीठ फुगताना जो वास येतो, तीच आंबण्याची पहिली ओळख. दोन, बाटली घेतली तर मागचं लेबल वाचा. द्राक्षाची जात कोणती, स्पिरिट धान्याचं की दुसऱ्या कशाचं, वर्ष कोणतं. तीन, फक्त द्राक्षावर अडू नका. साताऱ्याकडं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहे, मध आहे. मांघर तर 2022 पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. मध आंबवून केलेल्या पेयाला मीड म्हणतात आणि ते पुण्यात परवाना घेऊन तयार होतंय. उद्या वाई-जावळीतल्या कुणा पोरानं रीतसर लायसन काढून असं काही केलं, तर पहिला एपिसोड आपला!

पण एक ध्यानात ठेवा. ते करताना मधवाल्याला किंवा स्ट्रॉबेरीवाल्याला दुसरं दार उघडं ठेवा. पलूसनं आपल्याला एवढं तरी शिकवलंय.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरी द्राक्षबाग असेल आणि कधी वाइनची जात लावली असेल, तर तिचं काय झालं ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, पिऊन गाडी चालवायची नाही. भेटू!