कोण म्हणतं, ते तर सांगा
(सावदा, जि. जळगाव येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

आजचा विषय दारूबंदीचा आणि मी बोलणार आहे युद्धाच्या नावाखाली पकडलेल्या एका परदेशी माणसाबद्दल. जरा धीर धरा. तिथून मी आपल्या हातभट्टीपर्यंत येणारच आहे.

मुस्तफा ऐत इदिर त्याचं नाव. मूळचा अल्जीरियाचा, बायकोमुलांसह बोस्नियात राहणारा. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेच्या वकिलातीवर हल्ल्याचा कट केल्याच्या संशयावरून तो आणि आणखी पाच जण पकडले गेले. पुरावा नाही म्हणून तिथल्या कोर्टाने जानेवारी २००२ मध्ये त्यांना सोडायला सांगितलं. सोडलं ते थेट अमेरिकेच्या सैन्याच्या हातात. तिथून ग्वांतानामोचा तुरुंग.

पुढे जून २००४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कैद्यांना कोर्टात दाद मागता येईल. त्यानंतर थोड्याच दिवसांत सैन्याने स्वतःचीच एक फेरतपासणी उभी केली. लष्कराचे तीन अधिकारी न्यायाला बसणार. कैद्याला वकील नाही. मदतीला एक अधिकारी, तोही लष्कराचाच. कैद्याने त्याच्यापाशी मन मोकळं केलं तरी ते गुप्त राहील याची हमी नाही. कागद दोन प्रकारचे. एक कैद्याला वाचून दाखवायचा गोषवारा, दुसरी बंद फाईल, जी फक्त अधिकाऱ्यांनी बघायची. आणि सरकारचा पुरावा खराच आहे असं धरून सुरुवात करायची.

मुस्तफावरचा एक आरोप असा होता, की बोस्नियात असताना अल कायदाच्या एका माणसाशी त्याचे संबंध होते. त्याने विचारलं, त्या माणसाचं नाव काय? अध्यक्ष म्हणाले, मला माहीत नाही. मुस्तफा म्हणाला, मग मी उत्तर कसं देऊ? नाव कळलं तर मी ओळखतो की नाही, ओळखतो तर कशामुळे, ते सांगता येईल. पुढे तो असंही म्हणाला, की मी तुमच्या जागी असतो आणि वरिष्ठाने असे आरोप आणून दाखवले असते, तर ते मी त्याच्याच तोंडावर मारले असते. यावर खोलीत हशा पिकला. ही ऐकीव गोष्ट नाही, सुनावणीच्या नोंदीत आहे, आणि जानेवारी २००५ मध्ये एका न्यायाधीश बाईंनी आपल्या निकालपत्रात ती जशीच्या तशी घेतली आहे. अशा ५५८ सुनावण्या झाल्या. त्यांतून ३८ जण ‘शत्रू नाहीत’ असं ठरलं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न ओळखीचा वाटतो की नाही? भावकी बसलेली असते, ओटा भरलेला असतो, आणि बाईला सांगतात, “तुझ्याबद्दल लोक बोलतात.” कोण बोलतं? कधी, कुठे पाहिलं? ते नाही सांगायचं. “चार लोक म्हणतात ते काय उगाच?” आता या ‘चार लोकां’ना उत्तर कसं द्यायचं? त्यांना ना नाव, ना तारीख. केंद्रात येणाऱ्या कितीतरी बाया नेमक्या इथेच गप्प होतात. मग गप्प राहिली म्हणजे खरंच असेल, असं म्हणायला गाव मोकळं.

आता आपल्या देशाचं बघू. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली मुंबई सरकारने केशव तळपदे यांना स्थानबद्ध केलं होतं. खटला नाही, शिक्षा नाही, नुसतं कोंडून ठेवणं. त्यांनी कोर्टात भांडून दाखवलं. कायदा म्हणत होता की ज्याच्यावर वाजवी संशय आहे त्याला अडकवता येईल. सरकारने केलेला नियम म्हणत होता की सरकारचं समाधान झालं की पुरे. संशयाला निदान काही आधार दाखवावा लागतो. समाधानाला काय, ते सरकारच्या पोटात! २२ एप्रिल १९४३ रोजी फेडरल कोर्टाने तळपद्यांच्या बाजूने निकाल दिला, तो नियमच बेकायदा ठरवला. आणि २८ एप्रिलला, म्हणजे सहा दिवसांत, व्हाइसरॉयने वटहुकूम काढून तोच नियम मागच्या तारखेपासून कायदेशीर करून टाकला.

इंग्रज गेले, ही खोड गेली नाही. १९७१ च्या युद्धात पुकारलेली आणीबाणी १९७५ सालीही उठलेली नव्हती. तिच्यावर दुसरी चढवली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते मिसाखाली आत होत्या. का पकडलं याची कारणं सांगायची नाहीत असं कायद्यातच घातलेलं होतं. फेरविचार होई, चार महिन्यांनी; करणार कोण? सरकारच. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की आणीबाणीत याविरुद्ध दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे राहिले. तो निकाल चुकीचा होता हे कोर्टाने २०१७ साली कबूल केलं.

आज घटनेप्रमाणे स्थानबद्धाला कारणं द्यावी लागतात. नागपूरच्या हरिकिसन नावाच्या माणसाला ती इंग्रजीत दिली होती. त्याने हिंदीत मागितली, सरकारने नाही म्हटलं. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं: माणसाला न कळणाऱ्या भाषेत कारणं देणं म्हणजे न देणंच. आपल्या बायांच्या हातात रोज न वाचता येणारे कागद पडतात, त्यांच्यासाठी हा निकाल लक्षात ठेवा. पण सल्लागार मंडळापुढे वकील हा हक्क नाही, साक्षीदाराची उलटतपासणी नाही. १९८१ साली कोर्टानेच तसं ठरवलं. फक्त वकील नसलेला एखादा मित्र सोबत नेता येतो.

आणि आता हातभट्टी. महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा आहे, ज्याला आपण सगळे ‘एमपीडीए’ म्हणतो. झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, पुढे वाळूतस्करही त्यात आले. जिल्हाधिकारी आदेश काढतात, कारणं पाच दिवसांत, बारा दिवसांत सरकारची मंजुरी, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे, आणि जास्तीत जास्त एक वर्ष आत. खटला नाही. पुष्कळदा आधार असतो तो बंद खोलीत घेतलेल्या जबाबांचा, साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’.

मोर्च्यात “एमपीडीए लावा” ही घोषणा आपणच देतो. मीही दिली आहे. का देतो ते मला ठाऊक आहे: ज्या बाईने नाव घेतलं तिच्या दारात रात्री माणसं येतात, साक्षीला कोण उभं राहणार? ‘अ’ आणि ‘ब’ मागे आपल्यासारख्याच घाबरलेल्या बाया असतात. त्यांचं नाव झाका, जरूर झाका. पण काय घडलं, कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, हे जबाबात नसेल तर तो जबाब नाही, ते ‘चार लोक म्हणतात’ झालं. असा आदेश औरंगाबाद खंडपीठात टिकणं अवघड असतं. तो आदेश मोडला की भट्टीवाला हार घालून गावात येतो आणि आपली साक्षीदार बाई आणखी एकटी पडते. शिवाय आज हातभट्टीवाल्यावर चाललेलं हत्यार उद्या मोर्च्यातल्या कार्यकर्तीवर चालणार नाही, असं मला कुणी लिहून देणार आहे का?

मुस्तफाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. जून २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही लष्करी तपासणी खऱ्या कोर्टाची जागा घेऊ शकत नाही. नोव्हेंबरमध्ये एका न्यायाधीशाने सरकारची बंद फाईल उघडून वाचली. आत काय होतं? नाव नसलेल्या एकाच माणसाचं सांगणं! सहातल्या पाच जणांना सोडा म्हणाले. डिसेंबरमध्ये तो बायकोमुलांकडे परतला. सात वर्षं गेली.

आपल्या आजच्या ठरावाच्या मसुद्यात तिसरी मागणी ‘तात्काळ एमपीडीए’ अशी आहे. माझी सूचना अशी, की त्याऐवजी चार गोष्टी मागू या. प्रत्येक छाप्याचा गुन्हा दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली नोंदवून त्याची प्रत तक्रारदार बाईला द्यावी. कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यावं. साक्षीदार बाईला संरक्षण मिळावं. आणि स्थानबद्धतेचा आदेश काढलाच, तर त्यातल्या जबाबांत तारीख, वेळ, जागा असल्याशिवाय आम्ही त्याला पाठिंबा देणार नाही. रावेर, फैजपूरच्या मैत्रिणी याला विरोध करतील हे मला दिसतंय, त्यांचे हात आत्ताच वर आहेत. आधी त्यांनी बोलावं.