पिशवी लावण्याआधी गुठळी तपासा

बाळ सुखरूप जन्मलं, वार पडली, तरी बाळंतिणीचं रक्त थांबत नाही, असा प्रसंग कुठल्याही प्रसूतिगृहात येऊ शकतो. आपल्याकडे मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्राव आजही अग्रभागी आहे. गर्भाशय आकसावं म्हणून औषधं सुरू होतात, रक्तपेढीकडे माणूस धावतो. पण मागवायचं काय? लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट की क्रायो, म्हणजे क्रायोप्रेसिपिटेट? चारही पिशव्यांची कामं निराळी, आणि निवड पुष्कळदा अंदाजाने होते. हा अंदाज कमी करणाऱ्या एका तपासणीबद्दल आज मला बोलायचं आहे.

रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या म्हणजे पीटी आणि एपीटीटी. त्यांत रक्तातल्या पेशी वेगळ्या काढून उरलेला प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात, ते मोजतात. गुठळी धरू लागली की तपासणी संपली. ती घट्ट झाली का, टिकली का, हे कळत नाही. शिवाय रिपोर्ट हाती यायला पाऊण तास, तासभर सहज जातो. तोवर रुग्णाची स्थिती पार बदललेली असते.

1948 साली हेल्मुट हार्टर्ट या जर्मन डॉक्टरांनी वेगळा मार्ग दाखवला. पातेलं जरा कलतं करून दही लागलं का ते आपण पाहतो, तसंच काहीसं त्यांनी रक्ताचं केलं. छोट्या कपात सगळ्या पेशींसकट रक्त घ्यायचं, त्यात एक बारीक दांडी सोडायची आणि कप हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचा. रक्त पातळ असेतो दांडी हलत नाही. गुठळी धरू लागली की ती कपाबरोबर ओढली जाते. त्या ओढीचा आलेख म्हणजे गुठळीची सुरुवात, तिचं बळ आणि तिचं विरघळणं. आजची टेग आणि रोटेम ही यंत्रं याच विचारातून आली.

रोटेममध्ये एकाच रक्ताचे दोन नमुने शेजारी-शेजारी लावता येतात. एकात सगळं असतं, दुसऱ्यात औषध घालून प्लेटलेट निष्क्रिय केलेल्या असतात. दुसऱ्यातली गुठळीही कमजोर निघाली, तर उणीव फायब्रिनोजेनची, म्हणजे गुठळीचे धागे बनवणाऱ्या प्रथिनाची, आणि मग ते पुरवणारं क्रायो हवं. दुसरी ठीक आणि पहिली कमजोर असेल, तर प्लेटलेट कमी पडताहेत. सुरुवातीचा अंदाज दहा-पंधरा मिनिटांत येतो. आणि दोन्ही आलेख उत्तम असून रक्त वाहत असेल, तर पिशवीपेक्षा सर्जनच्या टाक्याची गरज आहे.

बाळंतिणीच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा. गरोदरपणाच्या शेवटी स्त्रीच्या रक्तात लिटरमागे 4 ते 6 ग्रॅम फायब्रिनोजेन असतं. रक्तदात्याच्या प्लाझ्मात ते साधारण 2 ग्रॅम. घाईने प्लाझ्मा देत गेलो, तर तिचं फायब्रिनोजेन भरून निघण्याऐवजी पातळ होऊ शकतं!

वेल्समध्ये 2016 साली देशभरच्या प्रसूतिगृहांत एक उपक्रम सुरू झाला. वाहिलेलं रक्त डोळ्यांनी न अजमावता बोळे वजन करून मोजायचं, 1000 मिलिलिटर झालं की वरिष्ठांना खाटेशी बोलवायचं आणि रोटेम लावायचं. अडीच लिटरांच्या वर रक्त जाण्याचं प्रमाण हजार बाळंतपणांमागे सुमारे 6 होतं, ते 5च्या खाली आलं. श्रेय एकट्या यंत्राचं नाही. मोजणं, वेळेवर हाक मारणं आणि तपासणं, या तिन्हींचं मिळून ते यश आहे.

यकृत सुकलेल्या, म्हणजे सिरोसिसच्या, रुग्णांवर दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं. टेगच्या आधारे दिल्यास प्लाझ्मा आणि प्लेटलेट पुष्कळ कमी लागल्या आणि रक्तस्राव आटोक्यात आणण्यात उणेपणा आला नाही.

सगळीकडेच इतका स्पष्ट फायदा दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. अपघातातल्या सुमारे 400 जखमींवर युरोपात झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण निकालात ठळक फरक पडला नाही. शिवाय प्लेटलेटवरचा ॲस्पिरिनचा परिणाम नेहमीच्या टेग-रोटेममध्ये नीट उमटत नाही. आणि बाळंतिणीला ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध द्यायला कुठल्याही आलेखाची वाट पाहू नये. ते लगेच द्यायचं, प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत.

यंत्र महाग आहे, प्रत्येक तालुक्याला ते आज मिळणार नाही. पण ग्रामीण रुग्णालयात घोणस चावलेल्या माणसाचं रक्त आपण स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठलं का ते पाहतोच. आधी रक्त पाहा, मग उपचार ठरवा, ही शिस्त आपल्याला नवी नाही. बोळ्यांचं वजन करायला तर साधा काटा पुरतो.

माझं मागणं एवढंच. जिथे रोज बाळंतपणं आणि मोठ्या शस्त्रक्रिया होतात, त्या वैद्यकीय महाविद्यालयांत हे यंत्र असावं. त्याच्याशेजारी भिंतीवर, कोणत्या आलेखाला कोणती पिशवी, हे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी यांनी मिळून ठरवलेलं लिहिलेलं असावं. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला ते वाचता यावं. रक्तदात्याने विश्वासाने दिलेली पिशवी जिला हवी तिला, हवी तीच आणि हवी तेव्हाच लागली पाहिजे. ही व्यवस्था उभारणं आपल्याला शक्य आहे आणि ती आपण उभारली पाहिजे.