खारे पाणी आणि भाजीचा मळा



विदर्भात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीला पाणी लागते, पण मळ्याला मानवत नाही. क्षारांमुळे ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात. सोडियमने काळी माती घट्ट होते. मातीची क्षारता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की घेवडा, गाजर यांचे उत्पन्न घटू लागते. बीट ४ पर्यंत तग धरते.

आपल्या ग्वाल्हेर-भिंड भागातही काही ठिकाणी भूजल खारे आहे. मी बँकेतला कारकून. एवढे जाणतो की पाणी खारे निघाले तरी हप्ता चुकत नाही. म्हणून मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू : विहिरीच्या कर्जाआधी शेजारच्या विहिरीचे पाणी सरकारने मोफत तपासून द्यावे.