दुधाळीची कुंडी

मी शिवाजी पार्कला राहतो. समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यात गुलाब काही माझ्या गॅलरीत रमले नाहीत. तेव्हा दुधाळी लावून पाहावी असे ठरविले. कोकणातल्या सड्यांवर श्रावण-भाद्रपदात गवतातून डोकावणारी तिची गुलाबी फुले आपण पाहिली असतील. पाने शेपूसारखी बारीक. पावसात पायाला चिखल्या झाल्या की तिचा रस लावायची जुनी रीत आहे.

सड्यावरून दोन बोंडे आणली. धुळीएवढे बी चाळलेल्या मातीत पेरले, आणि कुंडीत उगवेल ते गवत रोज निगुतीने उपटले. दुधाळी चार बोटे वाढली नि वाळली. मी तण म्हणून उपटीत होतो, तोच तिचा आधार होता! ही वनस्पती अर्धी परोपजीवी. पाने हिरवी, म्हणजे अन्न ती स्वतः करते. पण पाणी आणि क्षार मात्र शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून ओढून घेते. पुढच्या वर्षी आधी गवत वाढविले, मग त्यात बी टाकले. भाद्रपदात सात फुले आली.

तेवढ्यात बार्शीकडचे मामा आले. "अरे, ही तर टारफुल्याची जात! घरात पोसतोस?" म्हणाले, आणि एक रोप उपटलेसुद्धा. मला राग आला. पण त्यांचे चुकले नव्हते. टारफुला दुधाळीचाच भाऊबंद. तो जमिनीवर दिसण्याआधीच ज्वारीचे नुकसान करून बसतो. त्याच्या हजारो बिया मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात, नि ज्वारीच्या मुळांतून पाझरणारे द्रव्य लागले की जाग्या होतात. गंमत अशी, की असे द्रव्य १९६६ साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वेगळे केले ते कपाशीच्या मुळांतून. कपाशीमुळे टारफुल्याचे बी उगवते, पण तिच्यावर त्याला बसता येत नाही, उपाशी मरते. म्हणून अशा रानात ज्वारीवर ज्वारी न घेता मधे कपाशी घ्यावी, आणि टारफुला फुलण्याआधी उपटावा.

दुधाळीही ज्वारीच्या शेताजवळ लावू नये. मामांना मी बी दिले नाही, त्यांनी मागितलेही नाही. शाळेत मात्र शिक्षकांनी दोन कुंड्या जरूर कराव्यात, एक गवताची, एक बिनगवताची. रोप उपटून आणू नका, मुळे तुटली की ते जगत नाही. पिकलेली एक-दोन बोंडे पुरतात. तीही कासच्या पठारावरून नकोत. ते राखीव आहे.

मामांनी उपटलेले रोप मी पुन्हा लावून पाहिले. तिसऱ्या दिवशी वाळले.