जलशाची जन्मकथा

या शतकाच्या आरंभी पूर्व लंडनमध्ये ‘ग्राइम’ नावाचा गाण्याचा एक नवा प्रकार जन्मास आला. सरकारी वसाहतींच्या उंच इमारतींत वाढलेली, बहुतांशी कृष्णवर्णीय कुटुंबांतील मुले मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांच्या गतीवर आपली सुखदुःखे झरझर म्हणत आणि परवान्यावाचून चालणाऱ्या रेडिओ केंद्रांवरून ती घरोघर पोहोचवीत. २००३ साली त्यांच्यापैकी डिझी रास्कल या तरुणास मर्क्युरी पारितोषिक मिळाले. परंतु त्याच दशकात लंडनच्या पोलिसांनी अशा कार्यक्रमांसाठी ६९६ क्रमांकाचा फॉर्म काढला. त्यात संगीताचा प्रकार कोणता आणि श्रोते कोणत्या वंशाचे, हेही काही काळ विचारले जाई. हा फॉर्म २०१७ साली रद्द झाला.

ही हकीकत आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रात जलशाने शतकभर आधी हीच वाट तुडविली आहे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्याचे विचार खेड्यापाड्यांत न्यावयाचे कसे, हा मोठा प्रश्न होता. कारण बहुतेकांस अक्षरओळख नसल्याने छापील पुस्तकाचा तेथे उपयोग नव्हता. तमाशा मात्र सर्वांच्या परिचयाचा. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग, हा त्याचा क्रम. सत्यशोधक कार्यकर्त्यांनी तो साचा उचलला, ढोलकी-तुणतुणे ठेविले, शृंगार वगळला आणि त्या जागी सावकारी, पुरोहितशाही व अज्ञान यांवरील टीका घातली. लोक करमणुकीसाठी बसत आणि उठताना विचार घेऊन जात.

पुढे १९३० च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डक व त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ज्या समाजांच्या वाट्याला तमाशा पिढ्यान्‌पिढ्या आला होता, त्यांतीलच हे कलावंत. परक्यांच्या मनोरंजनासाठी वापरलेली कला त्यांनी आता स्वतःच्या पाणवठ्याच्या हक्कासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी वापरली. १९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढून हाच बाज कामगारवस्तीत नेला. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. तेव्हा त्याच खेळाने ‘लोकनाट्य’ हे नाव धारण केले. अंग तेच, अंगरखा नवा! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मात्र याच शाहिरांवाचून सभा भरत नव्हती.

आता आपल्या पिंपरी-चिंचवडकडे वळू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला; मागोमाग इतर कारखाने आले आणि कारखानदारी चाकणपर्यंत पसरली. त्या पायी गावोगावचे लोक येथे येऊन राहिले. १४ एप्रिलला येथे जी भीमगीते घुमतात ती जलशाचीच पुढची पिढी होय. आणि मराठीतून रॅप म्हणणारे आजचे तरुण हे तिचे धाकटे भावंड मानावयास हरकत नाही.

आपल्या सुशिक्षित घरांतून यावर शेरा ठरलेला असतो : ‘हे कसले संगीत? हा तर गोंगाट!’ त्यात भडकपणा कधीच नसतो असे मी म्हणत नाही. रात्री कर्णा किती वाजावा याला नियमही असलाच पाहिजे. परंतु आवाज मोठा आहे ही तक्रार वेगळी आणि हा आवाज नकोच ही तक्रार वेगळी. तमाशाच्या बंदीत आणि लंडनच्या फॉर्मात या दोहोंची गल्लत झाली होती. गाणे कोणत्या वस्तीतून आले हे पाहून त्याची किंमत ठरविली, की त्यातील शब्द ऐकावयाचे राहूनच जातात. आणि त्या शब्दांत बहुधा आपल्याच शेजाऱ्याचे गाऱ्हाणे असते.

म्हणून यंदा खिडकी लावून घेण्यापूर्वी एक गाणे तरी पुरते ऐकावे, आणि घरातील मुलांनाही त्याचा अर्थ विचारावा, एवढीच विनंती.