निळ्या माणसांच्या भाषेचं व्याकरण

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. एरवी मी हप्ता, व्याज, नाहीतर शेळ्यांची लस, याच्यापलीकडे फारशी जात नाही. आज मात्र एका अशा भाषेबद्दल सांगणार आहे, जी पृथ्वीवरच्या कुठल्याच गावाची नाही.

'बाहुबली' आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलाय. 2015 साली आला तो पहिला भाग. त्यात लढायला आलेले कालकेय काहीतरी किर्रकिर्र बोलतात, ते नुसतं तोंडाला येईल ते नव्हतं. मदन कार्की नावाच्या तमिळ गीतकारांनी ती किलिकी भाषा बसून तयार केली. तिच्यात 'मिन' म्हणजे मी आणि 'निम' म्हणजे तू. शब्द उलटा केला की अर्थ उलटा! पोरं खेळताना करतात तसंच.

पण व्याकरणाची खरी मजा बघायची तर 'अवतार' बघा. निळी, उंच, शेपटीवाली माणसं असलेला तो इंग्रजी सिनेमा 2009 सालचा. टीव्हीवर हिंदीत लागतो. त्या माणसांची भाषा नावी. दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी ती पॉल फ्रॉमर या अमेरिकेतल्या भाषेच्या अभ्यासकांकडून करून घेतली.

नमस्कार करायचा तर 'काल्ति' म्हणायचं; त्यातला 'त' घशातून झटका देऊन. धन्यवादाला 'इरायो'. आणि त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य, 'ओएल ङाती कामेइए'. बाराखडीतला तो ङ शाळेत आपण घोकला आणि पुढे जवळपास विसरलो. तिथे त्याच्यापासून शब्द सुरू होतात.

या वाक्यात 'ओए' म्हणजे मी आणि 'ङा' म्हणजे तू. जी क्रिया करते तिला 'ल' लागतो, जिच्यावर क्रिया होते तिला 'ती' लागतं. अवघड वाटतंय? अहो, आपण रोज हेच करतो. 'सासूने सुनेला बोलावलं' म्हणतो ना? बोलावणारीला ने, जिला बोलावलं तिला ला. पण 'सासू झोपली' म्हणताना ने पण नाही आणि ला पण नाही. नावीतही झोपणाऱ्याला काहीच लागत नाही. आणि हे प्रत्यय असल्यामुळे शब्द मागेपुढे केले तरी चालतात. 'सुनेला सासूने बोलावलं' म्हटलं तरी कोणी कोणाला बोलावलं ते बदलत नाही.

'कामे' म्हणजे बघणं. पण डोळ्यांनी नुसतं दिसणं नव्हे, त्याला त्यांच्यात वेगळा शब्द आहे. कामे म्हणजे समोरच्याला आतून ओळखणं. त्या शब्दाच्या पोटात 'एइ' घातलं की 'कामेइए' होतं, म्हणजे हे बोलताना मला आनंद होतोय. आपण प्रत्यय शेवटी जोडतो, ते क्रियापद फोडून मध्ये भरतात. करंजीत सारण भरावं तसं.

त्यांना एका हाताला चारच बोटं. म्हणून मोजणी आठाची. आठाला 'वोल', आणि आपले दहा म्हणजे त्यांचे आठ आणि दोन. बोटांच्या पेरांवर मोजणाऱ्या आपल्या आजींना यात काहीच नवल वाटलं नसतं.

आता ज्यासाठी हा विषय काढला ते सांगते. नावीत एक, दोन, तीन आणि त्याहून जास्त, अशी वेगवेगळी वचनं आहेत. शिवाय 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं, म्हणजे ऐकणारीला सोडून की धरून. हिंदीत दोन्हीला 'हम'च. मराठीत हा फरक आहे, आणि मेळघाटातल्या कोरकूत तर त्याहून बारीक आहे. तिथे दोघींचं आपण निराळं, सगळ्यांचं आपण निराळं.

आमच्या एका गटाची खजिनदार कोरकू आहे. 'ताई, आमचं नुसतं बोलणं, त्याला कसलं व्याकरण?' असं ती नेहमी म्हणायची. 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा सांगितली, तरी बँकेत गेली की ही गप्प. एकदा कर्जाचा कागद आला. साहेबांनी वाचलं, 'आपण हे कर्ज फेडण्यास बांधील आहात.' हिला ते बाकीच्या बायांना कोरकूत सांगायचं होतं. ती अडली आणि विचारलं, 'साहेब, आपण म्हणजे कोण? तुम्हाला धरून की सोडून? सही करणाऱ्या आम्ही दोघी, की सगळ्या अकरा जणी?'

साहेब जरा थांबले. मराठीत 'आपण' आदराचं 'तुम्ही'सुद्धा असतं, म्हणून 'आहात' की 'आहोत' तेवढं शेवटी ऐकावं लागतं. पण 'आहात' कळलं तरी किती जणी ते कळत नाहीच. कोरकूत मात्र ते ठरवल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही. जबाबदारी सगळ्या गटाची होती. सही करणाऱ्या दोघींना ते माहीत होतं. मागे बसलेल्या चौघींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी घरी विचारून येतो म्हणून सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात रक्कम थोडी कमी करून कर्ज घेतलं.

सिनेमासाठी केलेल्या भाषेचं व्याकरण हौशी लोक दूरदूरच्या देशांत बसून शिकतात. शिकू देत, छानच आहे ते. पण त्या खजिनदाराला मी 'ओएल ङाती कामेइए'चं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, 'यांच्यात पण दोघींचं वेगळं आहे? मग आमच्याकडून घेतलं असेल.'

आता आमच्या ठरावाच्या वहीत 'आपण' हा शब्द एकटा लिहीत नाही. पुढे किती जणी तो आकडा आणि नावं येतात. तुमच्या वहीतही बघा, शेवटचा ठराव काढून. काही अडलं तर शनिवारी मी ग्रामसंघाच्या बैठकीला येतेच आहे. पुढच्या वेळी शेळ्यांची लस, नक्की. इरायो.